पॉटवरचं ओलं पोतं

फुलसिंगनं जन्मात तीन गोष्टी जिवापाड जपल्या: बैल, बैलगाडी आणि आईस्क्रीमचा पॉट. यात माझा नंबर कितवा, असं रूपाबाईनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "तुला कुणी जपावं? तूच आमाला जपतीस." रूपाबाईला हे उत्तर मनातून आवडलं होतं. तसं तिनं त्याला कळू मात्र दिलं नाही.

बैल आणि गाडी गेल्या वर्षी गेली. पोरानं, रणजीतनं, ट्रॅक्टर आणला. मग बसल्या बैलांना वैरण कोण घालणार? बैल गेले त्या दिवशी फुलसिंग जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला, पण गोठ्याकडं फिरकला नाही. पुढं पुढं पाणी द्यायला रात्री शेतात जाणं बंद झालं, मग झाडावर चढणं. "बा, तुमी राहू द्या, मी करतो," हे रणजीतचं बोलणं मायेचंच होतं, पण ऐकणाऱ्याला दर खेपेला काहीतरी हातातून काढून घेतल्यागत व्हायचं. पॉट तेवढा त्याच्या ताब्यात उरला होता.

पॉट म्हणजे लाकडी बादली, तिच्यात जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, डबा, डब्यात लाकडी फळ्यांची रवी, आणि वर झाकणाला दातेरी चाकं नि फिरवायचा दांडा. डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ भरायचं आणि खांदा भरून येईस्तोवर दांडा फिरवायचा. जवळा बाजारचा बर्फवाला महेबूब याच्याकडून फुलसिंगनं तो घेतला, त्याला पंधरा वर्षं झाली होती. देताना महेबूबनं बजावलं होतं, "लाकूड सुकू देऊ नका, भाऊ. फळ्या फाकल्या की पाणी गळतं."

हे फुलसिंगला सांगायची गरज नव्हती. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहिलं होतं, त्यानं स्वतः तीस वर्षं गाडी हाकली होती. उन्हाळ्यात चाक सुकलं की त्यावरची लोखंडी पट्टी, धाव, ढिली होते, म्हणून चाकं ओढ्याच्या पाण्यात घालून ठेवायची, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. चाकाला लागू पडतं ते बादलीला का पडू नये? त्यानं पॉटला डोक्यापासून बुडापर्यंत ओलं पोतं गुंडाळलं, सुतळीनं आवळलं आणि दर आठ दिवसांनी त्यावर तांब्याभर पाणी घालायचा नेम धरला.

आधी वर्षातून चार-दोनदा पॉट बाहेर निघायचा, म्हणून निभावून गेलं. पण गेल्या उन्हाळ्यात फुलसिंग विषमज्वरानं महिनाभर अंथरुणाला खिळला, आईस्क्रीम झालंच नाही, आणि पॉट दोन वर्षं तसाच पोत्यात राहिला. तापात बरळतानासुद्धा गडी विचारायचा, "पोत्यावर पाणी घातलं का?"

२००३ सालच्या वैशाखात शिरड शहापूरच्या दुकानात निलमचा, नांदेडला दिलेल्या लेकीचा, फोन आला आणि रूपाबाईनं तो घेतला. तिला चौथा महिना लागला होता आणि पोटात अन्न ठरत नव्हतं. फोडणीचा वास आला की उमासा, वेलचीच्या चहाचा वास आला की उमासा. शनिवारी आठ दिवसांसाठी येते म्हणाली. रूपाबाईनं विचारलं, "काय खावं वाटतं, बाई?" तर पलीकडून लेक आईला म्हणाली, "याडी, बाच्या हातचं आईस्क्रीम."

हे ऐकून फुलसिंग इतका खूश झाला, की त्यानं सोमवारीच पॉट खाली काढला. सुतळी सोडली, पोतं उलगडलं, डब्याचं झाकण काढलं. रूपाबाई हातभर अंतरावर होती, तरी तिचं नाक आपोआप पदरात गेलं. पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीला येतो तसला कुबट वास, आणि त्याखाली जुनं आंबलेलं दूध. बादलीच्या आतून हिरवट-काळी बुरशी चढली होती.

फुलसिंगनं डोकं डब्यात घातलं, एक मोठा श्वास घेतला आणि वर बघून म्हणाला, "हुंगून बघ. दोन वर्षं झाली, पण हाये का थेंबभर वास?"

रूपाबाई त्याच्याकडं बघत राहिली. थट्टा करतोय म्हणावं तर चेहरा सरळ. हट्टी माणूस, आपली चूक दिसली तरी कबूल करायचा नाही, असं तिला वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याचं एकही फुशारकीचं वाक्य साधं सोडलं नव्हतं. पण या वेळी ओठावर आलेलं तिनं गिळलं. 'तुमच्या जपण्यानंच कुजलं' असं एकदा म्हटलं, की पॉटही बैलांच्या वाटेनं जाणार. रणजीत तर टपूनच होता. बाजारातून आईस्क्रीमचे कप आणू म्हणायचा.

"न्हाई वास," रूपाबाई म्हणाली. "पण धूळ बसली. मी धुऊन ठेवते."

तिनं राखेनं घासलं, चिंचेनं घासलं. संध्याकाळी हुंगलं तर वास गेलेला. झाकण लावून ठेवलं, सकाळी उघडलं तर पुन्हा तोच दरवळ, जणू रात्री कुणी नव्यानं आणून भरला. दोन दिवस हेच. बाजाराच्या दिवशी तिनं रवी पिशवीत घातली, वरून कांदे आणायचं निमित्त केलं आणि जवळा बाजार गाठला.

महेबूब आता म्हातारा झाला होता, पण दुकान तेच, भुशातला बर्फ तोच. रवी त्यानं नाकाशी नेली आणि झटक्यात दूर धरली.

"भाभी, हे बुडवून ठेवलं व्हतं काय?"

रूपाबाईनं पोत्याची आणि दोन दिवस घासल्याची हकीकत सांगितली. महेबूब हसायला लागला, आणि तिचा चेहरा बघून थांबला.

"सुकू देऊ नका असं मीच बोललो व्हतो. पण ते आदल्या दिवशी भिजवायचं, भाभी. बाकी वर्षभर कोरडं, तोंड उघडं. हे तर त्यांनी लोणचं घातलं." त्यानं पकडीनं रवीच्या लाकडी फळीचा खिळा उपसला आणि फळी बाजूला केली. मागं खाचेत काळा लिबलिबीत थर होता. "वास डब्यात न्हाईच. तुमी बराबर घासलं, पण बाहेरून. तो इथं लपून बसलाय. झाकणाच्या दात्यांखाली असंल, बादलीच्या बुडाशी असंल. सगळं खोला. खायचा सोडा आणि कढत पाणी. मंग ऊन. आणि परीक्षा घ्यायची तर झाकण लावून रातभर ठेवा, सकाळी हुंगा. उघडं भांडं सगळ्यांनाच फसवतं."

रवीच्या दोन्ही फळ्या आतपर्यंत काळ्या पडल्या होत्या. त्यानं आपल्या मोडक्या पॉटच्या रवीच्या दोन फळ्या शोधून बसवून दिल्या. त्याही जुन्याच, हाताळून तेलकट झालेल्या.

"त्यांना सांगू नका, महेबूबभाई."

"मी काहून सांगू? माझीच जबान अर्धी पडली त्या दिवशी," महेबूब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रूपाबाईनं फुलसिंगला हट्टा गावच्या पाव्हण्याकडं पिटाळलं. दूध म्हशीचं पाहिजे, आणि तेही त्याच्याच म्हशीचं, असं सांगून. तो एसटीत बसला आणि तिनं पदर खोचला. चुलीवर दोन पातेली पाणी चढवलं. डबा, झाकण, रवी, दांडा सगळं सुटं केलं. झाकणाच्या दात्यांतून जुनं चिकट वंगण आणि वाळकं दूध काडीनं कोरून काढलं. बादली सोड्याच्या कढत पाण्यानं आणि नारळाच्या शेंडीनं घासली. लोखंडी पट्ट्यांच्या आतली बुरशी निघता निघेना, तेव्हा बोटाला चिंधी गुंडाळून काढली. सोड्यानं बोटं सोलवटली. मग सगळं अंगणात उन्हाला मांडलं आणि कावळ्यांना हाकलत राखणीला बसली. एवढी राखण तिनं मिरच्यांचीही कधी केली नव्हती.

तिसऱ्या प्रहरी फुलसिंग दुधाची किटली घेऊन आला. बादली उन्हात वाळून खडखडीत झालेली, फळ्यांमध्ये काडी जाईल एवढ्या फटी. तो तिथंच उभा राहिला.

"कुणी सुकवली?"

"मी. पाल शिरली व्हती आत," रूपाबाई म्हणाली. "घाण वाटली, म्हणून धुतली."

"अगं, चाक असंच फुटतं," तो म्हणाला. रागानं नाही, दुखऱ्या आवाजात. मग त्यानं बादली हौदाशी नेली, पाणी भरलं, गळून गेलं की पुन्हा भरलं. अंधार पडेपर्यंत तो बादलीपाशी बसून होता. लाकूड फुगून फटी मिटल्या तेव्हाच जेवायला उठला. रूपाबाईनं रिकामा डबा झाकण लावून ठेवला. सकाळी उघडला, नाक घातलं. काही नाही. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तिचं तिलाच हसू आलं.

शनिवारी निलम आली. गाल बसलेले, डोळे मोठे झालेले. रणजीतनं मोटारसायकलवर बर्फ आणला. रूपाबाईनं दूध आटवलं, साखर घातली आणि वेलचीची डबी उघडता उघडता परत ठेवली. लेकीला तो वास सोसणार नव्हता. ओसरीवर फुलसिंगनं दांडा हाती घेतला. रणजीत म्हणाला, "बा, द्या इकडं, मी फिरवतो." फुलसिंगनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दांडा जड होत गेला, तो घामाघूम झाला, आणि शेवटी दांडा फिरेनासा झाला तेव्हा म्हणाला, "झालं."

पहिली वाटी निलमला. तिनं ती आधी नाकाशी नेली. निलमनं चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि मग सगळी वाटी खाऊन दुसरी पुढं केली. महिनाभरात पहिल्यांदा तिच्या पोटात काही ठरत होतं.

फुलसिंगनंही आपली वाटी नाकाशी धरली. "वा," तो म्हणाला, "वेलची कशी घमघमून राहिली."

निलम हसायला गेली. "पण बा, यात वेलची कुठं..."

"घातली ना मी," रूपाबाई मधेच म्हणाली. "आज जरा जास्तच पडली." निलमनं आईकडं बघितलं आणि पुन्हा चमचा उचलला.

रूपाबाई मात्र वाटी घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली. आता तिला एकेक आठवत गेलं. तापातून उठल्यापासून हा माणूस रोज ताटावर बसला की 'काय वास सुटलाय' म्हणत होता. आधी कधी म्हणत नव्हता. भाकरी करपली त्या दिवशीही म्हणाला होता. डब्यात डोकं घालून 'हाये का वास' विचारलं ते हट्टानं नव्हतं. तापानं त्याचं नाक नेलं होतं, आणि आणखी एक गोष्ट गेली हे कुणाला कळू नये म्हणून तो वर्षभर एकटाच नाटक करत होता. आपण त्याला हट्टी समजलो. तिला फार वाईट वाटलं.

जेवणं झाल्यावर फुलसिंग पॉट धुवायला मागल्या अंगणात बसला. रूपाबाई जवळ गेली. रवी हातात फिरवत तो हळूच म्हणाला, "या फळ्या माह्या न्हाईत. माह्या फळीचा खिळा वाकडा व्हता, मीच ठोकला व्हता." ती त्याच्या शेजारी टेकली. "रूपा, पाल न्हवती ना?"

"न्हवती."

"आणि वेलची?"

"ती बी न्हवती."

त्यानं मान हलवली. मग त्यानं कोपऱ्यात पुन्हा भिजवून ठेवलेलं ओलं पोतं उचललं, शेळीच्या खाली नेऊन टाकलं, आणि परत येऊन धुतलेला डबा तिच्यापुढं धरला.

"हुंग. खरं सांग."

रूपाबाईनं नाक आत घातलं. सहज 'न्हाई' म्हणता आलं असतं; आतापर्यंत तिनं तेच केलं होतं. "दुधाचा येऊन राहिलाय," ती म्हणाली. "थोडा."

"मंग पुन्यांदा धुऊ," फुलसिंग म्हणाला, आणि चुलीवर पाणी ठेवायला उठला.