मुठीतलं द्राक्ष

सातपूरला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत यादवचं गॅरेज होतं, आणि तिथे पकडीशिवाय दुसऱ्या कशाला मान नव्हता. नट जरा ढिला दिसला की यादवच्या जिवाला चैन पडायची नाही. गिऱ्हाइकाने चहाचा ग्लास सैल धरला तरी तो टोकायचा. माणूस वाईट नव्हता, नुसता आवळलेला होता.

त्याला कारण होतं. एक्क्याण्णव साली यादव स्वतः डर्ट रेसला, म्हणजे मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यतीला उतरायचा. अंबडच्या पलीकडच्या मैदानावर एकदा तो सगळ्यांच्या एक अख्खं वळण पुढे होता आणि सहाव्या फेरीला त्याचे दोन्ही हात कोपरापासून खाली दगड झाले. बोटं हँडलभोवती आखडली ती आखडलीच. क्लच ओढेना, ब्रेक दाबेना, आणि गाडी मैदानाच्या कडेची दोरी तोडून थेट उसाच्या रसाच्या हातगाडीवर गेली. कुणाला लागलं नाही. रस मात्र सगळा सांडला आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "यादवच्या मनगटात दमच नाही." झालं. ते वाक्य त्याने असं मनाला लावून घेतलं की पुन्हा रेसची गाडी म्हणून पळवली नाही.

अकरा वर्षांनी शेखर त्याच्या गॅरेजात आला. पेठ तालुक्याकडचा, आयटीआय करून सातपूरला कारखान्यात लागलेला, लग्न झालेला काटक गडी. शिफ्ट सुटली की जुनी टू-स्ट्रोक गाडी घेऊन नदीकाठच्या खड्ड्यांत उधळायचा. यादवने त्याला एकदा पाहिलं आणि त्याचा जीव जडला. तोंडाने तसं म्हणाला नाही, पण शेखरच्या गाडीचं काम तो गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून करायचा, यावरून काय ते समजावं.

जे आपल्याला नडलं ते शेखरला नडू नये म्हणून यादवने त्याची मनगटं घडवायला घेतली. काठीला दोरी, दोरीला वीट, आणि ती वीट काठी पिळत वर घ्यायची, रोज पन्नास वेळा. पकड भरदार व्हावी म्हणून हँडलवर सायकलची जुनी ट्यूब दोन वेढे गुंडाळली. रेसच्या दिवशी दोरीला लागून उभा राहायचा आणि प्रत्येक फेरीला ओरडायचा, "धर! घट्ट धर! आवळ!"

शेखर धरायचा. जीव खाऊन धरायचा. आणि चार फेऱ्या पुढे राहून पाचव्या फेरीला त्याचे हात दगड व्हायचे.

जानेवारीतल्या रेसलाही तेच झालं. पहिला होता तो नववा आला. गाडी लावून तो खाली उतरला तेव्हा त्याची बायको मोहिनी सहा महिन्यांच्या निकिताला घेऊन कौतुकाने पुढे आली आणि तिने पोरगी त्याच्या हातांत दिली. शेखरने घेतली, पण हातांना पत्ताच नव्हता की त्यांनी काय घेतलंय. पोरगी सरळ घसरली. मोहिनीने तिला अधांतरी पकडली म्हणून निभावलं.

मोहिनी रडली नाही, ओरडली नाही. पोरगी पदरात गुंडाळून एवढंच म्हणाली, "पुढच्या महिन्यात हंगामातली शेवटची रेस आहे ना? संपली की उतरल्या उतरल्या हिला घ्यायचं. घेता आली तर खुशाल चालवा. नाही आली तर गाडी विकायची. मी दुसऱ्यांदा पकडणार नाही."

शेखरने मान डोलावली. यादवने विटेचं वजन दीडपट केलं.

फेब्रुवारीत द्राक्षांची तोडणी ऐन भरात असते आणि पेठकडची माणसं पिकअप भरभरून गिरणारे गावाच्या बागांवर येतात. एका रविवारी शेखर आणि यादव सरावाला त्याच बाजूला निघाले होते. शेखर चालवत होता, यादव मागे. पुढे एक पिकअप चालला होता, माणसांनी ठासून भरलेला, आणि रस्ता कसला, नुसते खड्डे. पुढची तरणीताठी पोरं दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरून उभी होती आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांची डोकी एकमेकांवर आपटत होती. सगळ्यांत मागे, फाळक्यापाशी, एक बाई कशालाही न धरता उभी होती. ओच्यात वालाच्या शेंगा, आणि दोन्ही हातांनी आरामात सोलणं चाललेलं.

"अरे, मामी!" शेखर म्हणाला. ती त्याची सासू, लंकाबाई.

यादव बघत होता. गाडी उसळत होती, बाईचे गुडघे वाकत होते, सुटत होते, कंबर हलत होती, पण डोकं जागच्या जागी. एक दाणा खाली पडला नाही. आणि हे सगळं ती दांडा न धरता करत होती, हे यादवच्या मनाला फार लागलं. लागावं असंच होतं.

बागेपाशी गाडी थांबली तसा तो उतरून तिच्याकडे गेला. "ताई, तुम्ही पडत कशा नाही?"

लंकाबाई हसली. "आता यात काय हाय, यादवभाऊ? हे तांदळाचं पोतं दिसतं ना, ते गुडघ्यात दाबून धरायचं. मंग पाय आपलं बघून घेत्यात."

"आणि हात?"

"हात कामाला नको का? अख्ख्या सावळघाटात शेंगा कोण सोलणार?" तिने पोरांकडे बोट दाखवलं. "ती बघा, दांड्याला लोंबकळत्यात. दांडा आवळला का गाडीचा समदा हिसका हातात येतो. उतरल्यावर यांना कात्री धरता येत नाय, मुकादम बोंब मारतो. लय आवळू नये. दोन दिवस सांगतीया, पण ऐकतंय कोण!"

यादव तिथेच बांधावर बसला. शेखरने दोनदा हाक मारली तरी उठला नाही. त्याला एक्क्याण्णव सालची सहावी फेरी आठवत होती. मनगटात दम होता. भरपूर होता. तो सगळा दम त्याने हँडल पिळण्यात घालवला होता आणि मांड्यांमधल्या पेट्रोलच्या टाकीला एकदाही गुडघा लावला नव्हता. एवढी वर्षं त्याने आपल्या हातांना शिव्या दिल्या आणि हात बिचारे निर्दोष होते. वर तोच गाढवपणा त्याने दुसऱ्याच्या हातांना शिकवला, घसा फोडून शिकवला.

"शेखर," तो शेवटी म्हणाला, "माझं चुकलं रे." गॅरेजातल्या कुणी हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर ऐकलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी वीट गल्लीत कुणाच्या तरी चुलीला गेली. ट्यूब कापून काढली, हँडल सडपातळ झालं. क्लच-ब्रेकचे दांडे जरा खाली वळवले, म्हणजे उभं राहूनही मनगट सरळ राहील. शेखरने फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांत टाकी पोत्यासारखी दाबायची, कंबरेतून पुढे वाकायचं, कोपरं बाहेर काढायची आणि हात नुसते ठेवायचे. ठेवायचे म्हणजे किती, हा प्रश्न आला तेव्हा यादवने नामी उपाय काढला. लंकाबाईने बागेतून आणलेल्या घडातलं एकेक द्राक्ष त्याने शेखरच्या दोन्ही हातमोज्यांत, तळव्यापाशी सरकवलं. "फुटता कामा नये."

पहिल्या दिवशी पाव फेरीतच रस कोपरापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी तेच. मोहिनी हातमोजे धुऊन धुऊन कावली आणि गल्लीतल्या मुंग्या शेखरच्या ओळखीच्या झाल्या. दहाव्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की त्याला जिना चढवेना, पण डाव्या हातातलं द्राक्ष तीन फेऱ्या टिकलं. यादवने ते काढून खाल्लं. घामाने खारट झालेलं होतं, तरी गोड आहे म्हणाला.

रेसच्या दिवशी टँकरने मैदानावर पाणी मारलं होतं. आठ फेऱ्या. मोहिनी पोरगीला घेऊन दोरीपाशी, शेजारी लंकाबाई, तिच्या शेजारी यादव. चार फेऱ्या शेखर पहिला होता. पाचव्या फेरीला एका पठ्ठ्याने त्याला वळणावर मागे टाकलं, आणि यादवने पाहिलं की शेखरची कोपरं आत आली, पाठ ताठ झाली. जुनी खोड. यादवच्याही घशात जुनीच हाक आली होती. ती त्याने गिळली आणि दोरीवरून अर्धा आत वाकून ओरडला, "सोड! शेखर, सोड! सोडून दे!"

लोक वळून बघायला लागले. भर रेसमध्ये आपल्याच माणसाला सोड म्हणणारा वेडाच म्हणायचा. पण यादव ओरडत राहिला, "पोतं! पोतं धर!" आणि पुढच्या उंचवट्यावर शेखरचे गुडघे मिटले, कोपरं बाहेर आली, गाडी खाली उसळत राहिली आणि त्याचं डोकं पिकअपमधल्या बाईसारखं जागच्या जागी राहिलं.

शेखर दुसरा आला. पहिल्याचं अंतर फार नव्हतं, पण ते मोजायला यादवला सवड नव्हती. शेखर गाडी लावून खाली उतरला. हेल्मेट काढलं, हातमोजे काढले, बोटं दोनदा उघडली, मिटली. मोहिनी समोर उभी राहिली आणि तिने पोरगी पुढे केली. तिचे स्वतःचे हात मात्र खाली आले नाहीत. पकडणार नाही म्हणाली होती, तरी ते तिथेच होते.

शेखरने निकिताला घेतलं. खांद्याशी धरलं, मग वर उचललं, चिखलाने भरलेल्या तोंडासमोर आणलं. हात हलले नाहीत. निकिताने त्याचं नाक पकडलं.

"राहू दे मग गाडी," मोहिनी म्हणाली आणि आता रडली.

यादव चार पावलं लांब उभा होता. बारशाला सगळ्यांनी आग्रह केला तेव्हाही त्याने या पोरीला घेतलं नव्हतं. "माझ्या हातांचा भरवसा नाही," म्हणून टाळलं होतं. लंकाबाईला ते आठवत असावं. तिने जावयाकडून नात घेतली आणि सरळ यादवच्या छातीशी ठेवली. यादवचे हात आपसूक मिटले, खांदे वर गेले. पोरगी कुरकुरली.

"लय आवळू नका, भाऊ," लंकाबाई हळूच म्हणाली. "पडत नाय ती."

यादवने खांदे सोडले, मग कोपरं, मग बोटं. निकिता त्याच्या हातांवर रेलून गप्प झाली, आणि गाडी पुसायला कुणी बोलावलं तरी तो बराच वेळ तसाच उभा राहिला.