मालक आल्यावर सोडणे

नाव सांगितलं की तोंड वाकडं कराल, तरी सांगतो. मी जॅमर आहे. कोल्हापुरातल्या एका विद्यापीठात, नियम मोडून उभ्या केलेल्या गाडीच्या चाकाला जे पिवळं लोखंडी धूड अडकवतात ना, तोच मी. आता जुना झालोय. रंग उडालाय, कडा गंजल्यात, तरी मला बघितलं की माणसांच्या कपाळाला आठी पडतेच. मला त्याची सवय झालीय. म्हणजे, झालीय असं म्हणतो.

मित्रांनो, माझा जन्म कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला. पंचतारांकित म्हटल्यावर भुलू नका, आमची शेड पत्र्याची होती. जाड पट्ट्या कापल्या, वाकवल्या, वेल्डिंग केलं, मध्ये कुलूप बसवलं, आणि एकाच दिवशी आम्ही चार भाऊ तयार झालो. विद्यापीठात आलो तेव्हा काय थाट होता! मुख्य गेटजवळ टेबल मांडलं, आम्हाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. एक साहेब भाषणात म्हणाले, "आता आवाराला शिस्त लागेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नावानं वाजलेल्या टाळ्या तेवढ्याच.

नियम साधे होते. आत गाडी लावायची तर पास हवा. तो पुढच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात चिकटवायचा. दरवर्षी तीस जूनला तो संपतो, मग वेगळ्या रंगाचा नवा काढायचा. अशा नऊ नियमांचा बोर्ड गेटवरच्या केबिनला लागून उभा आहे. तो वाचायला कुणाला वेळ नसतो. पास नसेल तर चाकाला मी लागायचो. मग मालक पळत यायचा आणि सुरू व्हायचा, "कुणाच्या गाडीला लावलाईस म्हाईत हाय का?" अहो, मला कुठून माहीत असणार? कुणी आमदाराचा पावणा, कुणी प्राध्यापकाचा मेव्हणा, कुणी उगाचच तावातावानं बोलणारा. दंड भरायचा, पावती घ्यायची आणि जाता जाता मला एक लाथ घालायची.

लाथेचं काही नाही हो, मी लोखंडाचा. पण माझ्याजवळ जो येई त्याला पहिल्या क्षणापासून निघून जायचं असे. बारा वर्षांत कितीतरी चाकं धरली, पण इथं जरा थांबावं असं एकालाही वाटलं नाही. याचं मला वाईट वाटायचं.

भाऊ होते तोवर निदान रात्री केबिनच्या कोपऱ्यात एकमेकांना टेकून पडायचो. दोघांच्या किल्ल्या हरवल्या, त्यांना कापून भंगारात घातलं. तिसऱ्याला तर एका बहाद्दरानं चाकासकट काढून डिकीत टाकलं, दुसरं चाक चढवलं आणि तो गेला निघून. जॅमरच चोरीला गेला! केबिनमधली मंडळी आठवडाभर हसत होती. मला नाही हसू आलं.

उरलो मी एकटा, आणि माझी किल्ली बयाबाईच्या कमरेला. बयाबाई दिवसपाळीची सुरक्षारक्षक. पन्हाळ्याकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं येते. सातवीपर्यंत शिकलेली, आवाज असा खणखणीत की ग्रंथालयापर्यंत ऐकू जावा. तिची खुर्ची नियमांच्या बोर्डासमोरच असल्यानं नऊच्या नऊ नियम तिला तोंडपाठ आहेत. कुणी हुज्जत घातली की ती नुसता आकडा सांगते, "नियम चार, पावणं. वाचा आनि या."

तिच्याशी सकाळी नीट बोलणारा माणूस एकच होता. यज्ञेश्वर काका. ग्रंथालयाच्या बाइंडिंग विभागात फाटकी पुस्तकं शिवायचं काम ते करायचे. त्यांची पांढरी मारुती ग्रंथालयामागच्या शिरीषाच्या झाडाखाली, रोज त्याच जागी लागायची. गेटवर काच खाली करून ते विचारायचे, "बयाबाई, चहा झाला का?" मला त्यांच्या चाकाला कधी लावावं लागलं नव्हतं, म्हणून मी त्यांना फक्त आवाजानं ओळखायचो.

गेल्याच्या गेल्या वर्षी फेब्रुवारीत काका काम करता करता टेबलावरच कोसळले. अर्धांगवायूचा झटका. डावी बाजू गेली. रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली आणि मारुती झाडाखाली तशीच राहिली. पहिल्या महिन्यात विभागातली मंडळी भेटून आली. मग परीक्षा आल्या, सुट्ट्या लागल्या, आणि जो तो आपापल्या कामाला लागला.

बयाबाईनं पासच्या अर्जावरून काकांचा नंबर शोधला आणि फोन लावला. मी तिच्या खुर्चीखालीच पडलो होतो, त्यामुळे फोनमधला आवाजही ऐकू आला. जड, अडखळता.

"बयाबाई, गाडी आहे ना जागेवर?"

"हाय की काका. तिला काय पाय फुटत्यात?"

"असू दे तिथंच. अनुजा म्हणते विकून टाका. पण ती तिथं उभी आहे तोवर मी रजेवर आहे, बघा. ती उचलली की मी संपलो."

अनुजा म्हणजे काकांची मुलगी. बँकेत नोकरीला. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे अनुजानं त्यांना आपल्या फ्लॅटवर नेलं होतं. त्यानंतर दर महिन्याला बयाबाईचा फोन जायचा, आणि काकांचा पहिला प्रश्न तोच असायचा.

जूनची तीस तारीख आली. मारुतीचा पास संपला. बयाबाई नवा काढायला स्वतः कार्यालयात गेली, तर पासचं काम बघणारे दत्तप्रसाद म्हणाले, "अर्जदार समक्ष पाहिजे. नियम आहे." अर्जदार तर अंथरुणावर. ऑगस्टमध्ये परिपत्रक निघालं, तपासणी समिती येणार, आवारातली विनापास बेवारस वाहनं सोमवारी क्रेननं उचलून भंगारात द्यावीत. झालं! बयाबाई ते परिपत्रक हातात धरून बोर्डाकडे बघत बसली. मग एकदम उठली, मला उचललं आणि ग्रंथालयामागं नेऊन मारुतीच्या पुढच्या उजव्या चाकाला लावलं. पावती लिहिली, 'विनापास. मालक आल्यावर सोडणे.' ती वायपरखाली अडकवली.

मला कळेना हिनं हे काय केलं. काकांवर कारवाई? ज्या माणसानं रोज चहाचं विचारलं त्याच्या गाडीला मी?

सोमवारी क्रेन आली. सोबत सुरक्षा अधिकारी विजयसिंह साहेब.

"ही का न्हाई उचलायची?"

"जॅमर हाय साहेब. नियम सहा. जॅमर लावलेलं वाहन कारवाई पूर्ण हुईपर्यंत कुणीबी हलवायचं न्हाय."

साहेबांनी पावती वाचली. माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "तूच लावलास न्हवं?"

"व्हय. गाडीला पास न्हाय. न लावून कसं चालंल?"

"आनि मालक कवा येनार?"

"येतील की. पाय चालाय लागला की येतील."

साहेबांनी डोकं खाजवलं. "तू वकील व्हायला पायजे हुतीस," असं म्हणून त्यांनी क्रेनवाल्याला पुढं जायला सांगितलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी वाचवलं होतं. अंगातलं लोखंड थरथरलं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण थरथरलं खरं.

मग सुरू झाले ते लांबलचक दिवस. कोल्हापूरचा ऑगस्ट तुम्हाला माहीत आहे, पाणी थांबायचं नाव नाही. मी आणि ती गाडी. सुरुवातीला मी सवयीनं वाट बघायचो, की आता कुणीतरी धावत येईल, ओरडेल. कुणीच आलं नाही. शिवीसुद्धा ऐकायला मिळेना! पोरं येता-जाता काचेवरच्या धुळीत 'मला धुवा' लिहून जायची. काकांच्या विभागातले लोक रोज पाच वाजता शेजारून जायचे, त्यांची नजर गाडीवर पडायची आणि पुढं सरकायची. एवढी माणसं बाजूनं जात असताना आपण एकटं असणं, हे फार वाईट. कोपऱ्यात पडून एकटं असणं त्यापेक्षा बरं. खंडेनवमीला सगळ्या आवारातल्या गाड्यांना झेंडूच्या माळा लागल्या. संध्याकाळी बयाबाई आली, तिच्याकडं दोन फुलं उरली होती. एक तिनं बॉनेटवर ठेवलं, एक माझ्यावर.

डिसेंबरात एका शनिवारी रिक्षा येऊन थांबली. आधी काठी बाहेर आली, मग काका. अगदी वाळून गेले होते. अनुजा त्यांना दंडाला धरून होती. तिनं गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, आणि काकांची अट एवढीच होती, की एकदा गाडीत बसून बघतो, मग सही करतो.

बयाबाई धावत आली. काकांनी पावतीवर सही केली, तिनं किल्ली फिरवली आणि मला चाकावरून काढून शेजारी जमिनीवर ठेवलं. काका आत बसले. दार उघडंच होतं. त्यांनी डावा पाय हातानं उचलून क्लचवर ठेवला आणि जोर लावला. कपाळावर घाम आला. पेडल तसूभर हललं नाही.

अनुजानं तोंड फिरवलं, ती रडत होती.

"बयाबाई," काका म्हणाले, "परत लावा तो."

"काय लावू?"

"जॅमर."

"बाबा, काय हे?" अनुजा म्हणाली.

"तो असला की गाडी हलणार नाही. हलणार नाही म्हटल्यावर तुला भीती नाही. मी दर शनिवारी येऊन बसेन, पाय दाबून बघेन. पाडव्यापर्यंत दे मला. नाही जमलं तर त्या गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन करतो."

अनुजानं होकारार्थी मान हलवली.

"पास तर अजून न्हायच की गाडीला," बयाबाई म्हणाली, "लावतो." आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात. तिनं नवी पावती लिहिली आणि मला परत चाकाला चढवलं. इतकी वर्षं लोक मला 'काढ' म्हणत आले. 'लाव' म्हणणारा हा पहिला माणूस. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

दर शनिवारी दहाला रिक्षा यायची. काका काठी मला टेकवून ठेवायचे आणि आत बसायचे. वीस वेळा पाय दाबायचा, मग विश्रांती, परत वीस वेळा. मी बाहेरून पेडलच्या कुरकुरीवरून ओळखायचो, आज किती खाली गेलं. जानेवारीत बोटाच्या पेराएवढं. फेब्रुवारीत दोन शनिवार ते आलेच नाहीत. मी घाबरलो. नंतर कळलं, सर्दीतापानं पडले होते. तिसऱ्या शनिवारी आले तर पाय पुन्हा मागं गेलेला. काका चिडले, स्वतःच्याच मांडीवर मूठ मारली. बयाबाईनं चहा आणून दिला.

मी कोडगा आहे, खरं तेच सांगतो. मला मनातून वाटायचं, हे असंच चालू राहावं. त्यांचा पाय बरा झाला की ते जाणार, आणि शनिवारही जाणार. पण मूठ मारताना त्यांचा चेहरा बघितला आणि माझी मलाच लाज वाटली.

पाडव्याच्या आधीचा शनिवार. चौदाव्या वेळी पेडल खालच्या पत्र्याला टेकलं. ठक्. काका थांबले. परत दाबलं. ठक्. सात वेळा. मग स्टेअरिंगवर डोकं ठेवून मोठ्यानं रडले. बयाबाई दारात उभी राहून पदर नसलेल्या गणवेशाच्या बाहीनं डोळे पुसत होती आणि म्हणत होती, "अवो काका, रडताय काय, वाजवा की अजून एकदा."

सोमवारी काका डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन स्वतः कार्यालयाच्या पायऱ्या चढले. दत्तप्रसाद उभेच राहिले. "अर्जदार समक्ष आहे," काका म्हणाले. तीस जूनपर्यंतचा पास मिळाला, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांचा. बयाबाईनं तो काचेवर डाव्या कोपऱ्यात चिकटवला. नवी बॅटरी बसली. तिनं किल्ली फिरवली आणि मी सुटलो. अनुजा शेजारी बसली. गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या चालीनं, झाडाखालून निघाली. मला आनंद झाला. पण आधी दुःख झालं, हेही सांगतो.

आता गेटवर आपोआप वर होणारा दांडा बसलाय. पास तोच वाचतो. जॅमरची गरज संपली. मी बयाबाईच्या खुर्चीखाली असतो. अजून चाकाला लावलं तर धरेन, पण कुणी लावत नाही.

मित्रांनो, नियम जरूर पाळा. पास वेळेवर काढा, जागेवर लावा. पण कुठं एखादी गाडी महिनोन्‌महिने धूळ खात उभी दिसली, तर काचेवर बोटानं अक्षरं काढू नका. तारीख संपलेली बघून पुढंही जाऊ नका. तिचा माणूस कुठं आहे, एवढं विचारा. या आवारात रोज हजारो माणसं येतात, सगळ्यांच्या खिशात फोन असतो. त्या सगळ्या महिन्यांत काकांना फोन बयाबाईनं एकटीनं केला.