झाकून ठेवलेली वाटी

तिने कढई तिरकी केली, उलथन्याने तळ खरवडला आणि राहिलेली सगळी अळंबी सासऱ्यांच्या ताटात वाढली.

“अगं, तुला?” सासऱ्यांनी विचारलं खरं, पण ताटावर हात आडवा धरला नाही.

“आहे की मला. काढून ठेवलीय.”

घरात वाढणारी बाई म्हणते तेच ती म्हणाली. काढून ठेवलेलं काहीच नव्हतं, पण त्याचं तिला वाईटही वाटलं नाही. दुपारचं जेवण असं चाटूनपुसून संपलेलं लग्नानंतर ती पहिल्यांदाच बघत होती, आणि तेही तिच्या हातचं.

या घरात चुलीचा कारभार सासूबाईंचा. गावात त्यांना मागून सगळे मुकादमीण म्हणत. त्यांच्या समोर म्हणायची छाती कुणाची नव्हती. सुनेने भाज्या चिराव्या, भांडी घासावी, पाणी भरावं. फोडणीचा अधिकार मात्र मुकादमीणबाईंचाच. पण गोठ्याच्या पायरीवरून पाय मुरगळला, घोटा वांग्यासारखा सुजला, आणि बाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसल्या. हातातला झारा गेला तरी जीभ शाबूत होती.

“कांदा एवढा बारीक? मुंग्यांना जेवायला बोलावलंय का?”

सकाळी सून टोपलीभर अळंबी घेऊन गायरानातून आली, तेव्हा बाईंनी नाक मुरडलं होतं. “आमच्याकडे हे असलं कुणी खात नाही.” सुनेच्या माहेरी, वरच्या कुरणांत, पाऊस पडून ऊन आलं की अख्खं घर टोपल्या घेऊन निघे. कांदा, लसूण, वरून मिरपूड, आणि झाकण न ठेवता पाणी आटेपर्यंत परतायचं. तिने तसंच केलं. वास सुटला तसे गोठ्यातून सासरे आले, दूधगाडी लावून नवरा आला, आणि मुकादमीणबाईंनीही ‘नुसती चव बघते’ म्हणत भाताबरोबर दोनदा घेतली.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती भांडी घेऊन विहिरीवर गेली. परत आली तर दारात मेंढपाळ उभा. तो अधूनमधून पाणी प्यायला थांबत असे. आज मात्र हातातला तांब्या तसाच धरून तो उंबऱ्याशेजारी बघत होता. तिथे तिने सकाळी निवडताना टाकलेले किडके देठ पडले होते.

“हे कुणी खाल्लं का?”

“सगळ्यांनी,” नवरा ओट्यावरून म्हणाला. “का?”

“कुठली आणली?”

“गायरानातली,” ती म्हणाली.

“गायरानातली असतील तर ठीक.” मेंढपाळाने देठ उचलला, वास घेतला, पुन्हा ठेवला. “कुंपणालगत झाडांखाली पांढरी येतात, ती नव्हेत ना? दिसायला अशीच असतात. माझ्या मावसभावाने खाल्ली होती. दिवसभर ठणठणीत होता. दुसऱ्या दिवशी…” तो थांबला. “मी आपलं विचारलं.”

नाही, असं ती ठासून सांगणार होती. तिला अळंबी कळत होती. चालायला लागल्यापासून तिने ती खुडली होती. पण तोंड उघडलं आणि तिला कुंपण आठवलं. टोपली भरत आली होती, ऊन चढलं होतं, गाय हंबरत होती, आणि परत येताना कुंपणाच्या कडेची शेवटची मूठ तिने चालता चालता उचलली होती. उलटून बघितली होती का? बघितली असणार. सवयीने बघितलीच असणार. पण बघितल्याचं आठवत नव्हतं.

“थोडी कुंपणाजवळची होती,” ती म्हणाली.

सासऱ्यांनी नकळत पोटावर हात ठेवला. नवऱ्याने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी पलीकडून दोनच गोष्टी सांगितल्या: ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना ताबडतोब आणा, आणि उरलेलं काही असेल तर तेही आणा. वाट बघत घरी बसू नका.

फोन ठेवून तो मोजायला लागला. “मी, बाबा, आई…” त्याची नजर तिच्यावर आली. “आणि तू.”

“मी नाही खाल्ली.”

“म्हणजे?”

“उरलीच नाही.”

“मघाशी तर म्हणालीस, काढून ठेवलीय.”

तो रागाने बोलला नव्हता. आवाजही चढला नव्हता. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, ओठांपर्यंत आलं आणि तिथेच घुटमळलं. मेंढपाळाने तांब्या हळूच खाली ठेवला आणि तो दुसरीकडे बघू लागला. तिच्या हातातल्या भांड्यांचा ढीग एकदम जड झाला. स्वयंपाक तिचा. अळंबी तिने आणलेली. तिघांनी खाल्ली, आणि जिने शिजवली ती तेवढी कोरडी.

“ठेवली होती तिने.”

मुकादमीणबाई स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला धरून, एका पायावर उभ्या होत्या.

“वाटीत काढून झाकून ठेवली होती. ही खरकटं टाकायला गेली आणि मी खाल्ली. आता चारचौघांत काय ते विचारून घ्या.”

“आई, तू?”

“का? मला जीभ नाही? आवडली, खाल्ली. तिला काय माहीत, तिने येऊन झाकण उघडलं तर वाटी रिकामी. सासूला चोर कसं म्हणणार, म्हणून ‘उरली नाही’ म्हणाली बिचारी.” त्यांनी मुलाकडे बघितलं. “तोंड काय बघतोस? गाडी काढ. मरण आलं तरी तुझ्या दिरंगाईने तेच कंटाळून परत जाईल.”

सून काहीतरी बोलायला गेली. सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. फोडणी करपताना बघत तसं. तिने भांडी खाली ठेवली आणि ती आत जाऊन टोपली घेऊन आली. उद्यासाठी म्हणून ठेवलेली चार-पाच अळंबी तळाशी होती. शेवटची मूठ वरच पडलेली, म्हणून आधी तीच संपायला हवी होती. पण निवडताना तिने टोपली पालथी केली होती, तेव्हा काय वर आणि काय खाली, हेही आता सांगता येत नव्हतं.

पुढे नवऱ्याशेजारी सुजलेला पाय लांब करून सासूबाई बसल्या. मागे दुधाच्या रिकाम्या कॅनच्या गर्दीत सासरे आणि सून. रस्त्यात खड्डा आला की कॅन एकमेकांवर आदळत आणि सासरे दचकून पोट चाचपत.

“दुखतंय का, बाबा?”

“नाही गं. दुखतंय का ते बघतोय.” मग तिच्याकडे वाकून, पुढे ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “चव मात्र फार छान होती हं.”

तिला रडू फुटलं. त्यांना वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून ते घाईघाईने म्हणाले, “अगं, खरंच सांगतोय,” आणि त्यामुळे ती आणखीच रडली. शेवटी त्यांनी एक कॅन दोन्ही पायांत घट्ट धरला, निदान तेवढा तरी आवाज कमी व्हावा म्हणून.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. डॉक्टरीणबाईंनी तिघांची नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं, मोठ्या इस्पितळाला फोन करून गाडी तयार ठेवायला सांगितलं. मग टेबलावर पांढरा कागद पसरून टोपलीतली अळंबी त्यावर मांडली. त्यांनी फोटो काढले आणि शहरातल्या या विषयाच्या जाणकार बाईंना पाठवले. थोड्या वेळाने त्या बाईंचाच फोन आला. ज्याने अळंबी खुडली त्या माणसाशीच त्यांना बोलायचं होतं.

सुनेने फोन कानाला लावला.

“टोपीखालच्या पडद्यांचा रंग कसा आहे? पांढराशुभ्र?”

“नाही. गुलाबी. थोराड झालेल्यांचा तपकिरी.”

“सगळ्यांचा?”

तिने एकेक उलटून बघितलं. “सगळ्यांचा.”

“देठ मुळाशी फुगलेला आहे का? पिशवीतून निघाल्यासारखा?”

“नाही.”

“निवडताना टाकलेले देठ आणलेत का?”

ते मेंढपाळाने रुमालात बांधून दिले होते. तिने तेही सोडून बघितले. पलीकडच्या बाईंनी अजून बरंच काही विचारलं आणि ती सांगत गेली. सांगता सांगता तिचा आवाज सरळ झाला. हात आठवायला लागले तसं डोकंही आठवायला लागलं: कुंपणापाशी ती वाकली होती, एक उलटलं होतं, त्याचा पांढरा पडदा बघून ते लांब फेकलं होतं आणि बोटं गवताला पुसली होती. पुसलेल्या बोटांचा ओला गारवा तिला आता आठवला. फेकलं होतं. म्हणजे बघितलं होतं.

“कुरणातलीच आहेत,” जाणकार बाई म्हणाल्या. “खायची. तरी डॉक्टर सांगतील तोवर थांबा. मी बघते ते टोपलीतलं, पोटातलं नाही.”

थांबले. व्हरांड्यातल्या बाकावर तिघं ओळीने बसले, वर्गाबाहेर काढल्यासारखे. ऊन बाकावरून सरकत भिंतीवर चढलं. रक्ताचा निकाल चांगला आला, तरी कुणी हललं नाही. मग सासऱ्यांच्या पोटातून मोठा आवाज आला. सगळे ताठ झाले. डॉक्टरीणबाई धावत बाहेर आल्या.

“काय होतंय?”

“भूक लागलीय,” सासरे ओशाळून म्हणाले.

आधी डॉक्टरीणबाई हसल्या. मग नवरा, मग सासरे स्वतः. हसता हसता नवऱ्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं, आणि हात बराच वेळ काढले नाहीत.

सकाळी परत येऊन दाखवून जा, मध्ये काहीही वाटलं तर लगेच फोन करा, असं बजावून डॉक्टरीणबाईंनी सोडलं तेव्हा गुरं घरी परतत होती. सकाळी तिघं पुन्हा गेले. काही झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सुजलेल्या घोट्याला तेवढी पट्टी बांधून दिली.

त्या दिवशी नवरा दुधाची फेरी उशिरा करून आला आणि गोठ्याशी उभा राहिला. ती शेण भरत होती.

“मी तसं काही म्हणालो नव्हतो,” तो म्हणाला.

“तुम्ही काहीच म्हणाला नाहीत.”

“तेच.” त्याने तिच्या हातातली पाटी घेतली, उकिरड्यावर रिकामी करून आला, पुन्हा भरायला उभा राहिला. “मनात आलं होतं. यायला नको होतं.”

तिने पाटी त्याच्या हातात राहू दिली.

दुपारी स्वयंपाकघरात सासूबाई स्टुलावर बसून लसूण सोलत होत्या. बाहेर ओट्यावर सासरे शेजाऱ्यांना सगळी कथा सांगत होते. आतापर्यंत ती बरीच फुगली होती. मेंढपाळाचा मावसभाऊ सख्खा भाऊ झाला होता आणि गाडी उडत गेली होती. प्रत्येक वेळी ते वाटीपाशी येत आणि सगळे खो-खो हसत. “आमची मुकादमीण! नको नको म्हणत सुनेची झाकलेली वाटी फस्त!”

सुनेने चुलीवर भात चढवला आणि पाठमोरीच म्हणाली, “आई, तुम्ही तसं का सांगितलंत?”

“काय?”

“वाटी नव्हतीच.”

लसणीची साल निघाल्याचा बारीक आवाज येत राहिला.

“माझ्या पोराच्या तोंडावर प्रश्न आला होता. बाहेर पडला असता, तर पुन्हा आत ढकलता आला असता का?”

“आणि तुमच्या मनात? तुमच्या नाही आला?”

सासूबाईंचे हात थांबले. या बाईंना शब्द शोधावा लागतोय, असं सुनेने कधी पाहिलं नव्हतं.

“आला,” त्या म्हणाल्या. “एवढासा. मग तुझ्याकडे बघितलं. भांडी धरून उभी होतीस, जणू तुझंच कुणी मेलंय. माझी मलाच लाज वाटली, आणि तोंडातून वाटी निघाली.”

बाहेर पुन्हा हशा झाला. कुणीतरी ‘खादाड’ म्हणालं.

“मी सांगते त्यांना खरं काय ते,” सून वळली. “उगाच तुमचं नाव…”

“खबरदार. मी मेल्यावर सांग. आत्ताच वाचलेय, घाई नाही.” त्यांनी सोललेल्या लसणीची ताटली पुढे सरकवली. “आणि वाटी नव्हती म्हणतेस, तर मग मी खाल्लं काय? चव तर अजून जिभेवर आहे माझ्या.”

सून हसली. या घरात ती एवढ्या मोठ्याने कधी हसली नव्हती. बाहेरच्या गप्पा क्षणभर थांबल्या. मग तिने फोडणीसाठी तेल तापत ठेवलं आणि झारा सासूबाईंच्या हातात द्यायला गेली.

बाईंनी तो घेतला नाही. “तूच घाल,” त्या म्हणाल्या. “कांदा मात्र जरा जाड चीर.”