मेंढवाड्यातलं पिंप

नरसाळ्यातून ज्वारी ओतताना दाणे मध्येच का अडकतात, हा अंबिकाचा एम.एस्सी.चा विषय. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला तिनं कित्येक महिने समीकरणं मांडली, कॉम्प्युटरवर दाणे घरंगळवले आणि मजेशीर उत्तर काढलं. तोंडाच्या थोडं अलीकडे मधोमध एक अडथळा ठेवला, तर दाणे उलट लवकर सुटतात. मागचा रेटा तो अडथळा अंगावर घेतो आणि तोंडाशी चेंगराचेंगरी होत नाही.

तिच्या गाईड मंजुषा मॅडम खूश झाल्या. "थिअरी झाली. आता प्रयोग. काचेच्या गोळ्या मागवायच्या का?"

"मॅडम, मेंढ्या चालतील?"

मॅडमना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण अंबिकाचे वडील खंडेराव करमाडजवळ मेंढरं राखायचे. सकाळी मेंढवाड्याचं दार उघडलं की तिथं होणारी रेटारेटी ती लहानपणापासून बघत आली होती. तिनं ते सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "चालतील की."

घरी जाऊन तिनं सगळं सांगितलं, तेव्हा खंडेराव तिच्याकडे बघतच राहिले.

"मेंढरं लवकर भायेर पडावी म्हणून वाटंत पिंप ठिवायचं? अंबे, विद्यापीठात हेच शिकवतेत व्हय?"

"आबा, दारात नाय. दाराच्या थोडं आत."

"कर बाई. पिंप आपलंच हाय, मेंढरंबी आपलीच."

निळं पिंप पाण्यानं भरून जागेवर ठेवलं, लिंबाच्या फांदीला मोबाईल बांधला आणि खंडेरावांनी दार उघडलं. एकही मेंढरू हललं नाही. मग एक म्हातारी मेंढी पुढं आली, तिनं पिंप हुंगलं आणि चाटायला लागली. तिचं बघून बाकीचीही पिंपाभोवती गोळा झाली. दार उघडंच, बाहेर कुणी नाही. खंडेराव हसून हसून खाली बसले. अंबिकाला आधी रडू येत होतं, पण आबांकडे बघून तिलाही हसू आवरेना.

तिनं मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, दाण्यांना कुतूहल नसतं. मेंढ्यांना पिंपाची सवय होऊ दे."

पिंप तिथंच राहिलं. आठवड्याभरात मेंढरं त्याच्याकडे ढुंकून बघेनाशी झाली. मग अंबिका एक दिवस पिंप ठेवून आणि एक दिवस काढून चित्रण करू लागली. पिंप नसलं की दारात अंगाला अंग घासून सगळं ठप्प. पिंप असलं की कळप दोन बाजूंनी वळसा घेऊन झुळझुळ बाहेर. रोजच नाही, पण बहुतेक दिवशी.

शेवटच्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. कळप बाहेर पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला. मग बाजेवर लॅपटॉप ठेवून अंबिकानं पिंप असताना किती वेळात किती मेंढरं बाहेर पडतात, याचा आलेख काढला. प्रयोगाची रेघ थिअरीच्या रेघेला जवळजवळ चिकटून चालली होती. मॅडमनी तिच्या पाठीवर जोरात थाप मारली.

खंडेराव वाकून बघत होते. "ह्यातली आपली कोंची?"

"ही लाल, ती मेंढरांची. ही निळी, ती माझ्या गणिताची."

"लाल वर हाय."

"व्हय आबा. मी धरलं हुतं त्याच्यापरीस मेंढरं जरा चपळ निघाली."

खंडेरावांचा चेहरा फुलला. त्यांनी बाहेर पांगलेल्या कळपाकडे पाहिलं. "मॅडम, गडबड नसंल तर समदी फिरून आत घालू का? अजून एक डाव बघू."

अंबिकानं उत्तर द्यायच्या आत मॅडम चपला घालून मेंढरं वळवायला निघाल्या होत्या.