बयाबाईच्या दिव्यातलं घासलेट

मी सयाजीरावांची जीप बोलतेय. आवाज घोगरा आहे, पण तो वयाचा नव्हे, डिझेलचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर लिलावात निघालेल्या लष्करी गाड्यांतली मी एक. तेव्हा पोटात पेट्रोलचं इंजिन होतं आणि भूक राक्षसाची. गॅलनाला बारा मैल, आंबेनळी घाट चढताना तर आठच. "ही गाडी नाय, अवदसा हाय," असं म्हणत पोलादपूरच्या सयाजीरावांनी मला मुंबईला नेलं आणि डिझेलचं जुनं इंजिन बसवून आणलं. तेव्हापासून मी गॅलनाला बावीस मैल जाऊ लागले.

माणसांचं मात्र विचित्र असतं. थोडं वाचलं की आणखी वाचवायची हाव सुटते. सयाजीरावांनी माझी मागची फळी काढली, एक बाक काढला. का, तर वजन म्हणजे डिझेल! टाकीचा काटा बिघडला तो दुरुस्तच केला नाही. खाचा पाडलेली बांबूची काठी टाकीत बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. एक खाच म्हणजे दहा मैल.

सगळ्यात मला राग यायचा तो उताराचा. घाट उतरताना ते इंजिन बंद करायचे. सगळा भार ब्रेकवर, आणि मी मुक्यानं घरंगळत खाली. घाटाच्या पायथ्याशी दहा-बारा घरांची वाडी आहे. तिथे म्हातारी बयाबाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बाजाराला निघालेली असायची. ती हात करायची. सयाजीराव थांबायचे नाहीत.

"थांबलो तर परत इंजिन चालू करावं लागतं गो आत्ये! डिझेल जातं!" असं ओरडत ते तसेच पुढे. घाटाच्या वेगावर मी वाडीपुढे दोन फर्लांग जायची, ते फुकटचे दोन फर्लांग त्यांना सोडवत नसत. मला फार लाज वाटायची. पण माझं कोण ऐकतो?

बासष्ट सालच्या माघातली गोष्ट. सयाजीराव घाटातल्या वरच्या वाडीत कौलं पोचवायला गेले होते. परत निघणार तोच त्या वाडीतला चांगू धावत आला. त्याची बायको ठकूबाई आदल्या दिवसापासून अडली होती. तिच्यापाशी बसलेली सुईण राहीबाई म्हणाली, "पोर आडवं हाय. माज्या हातचं नाय आता. महाडला दवाखान्यात न्या, नायतर दोघं जातील."

सयाजीरावांनी काठी बुडवली. तीन खाचा ओल्या! "महाडापर्यंत आरामात जाईल," ते म्हणाले, आणि ठकूबाईला आडवं होता यावं म्हणून डिझेलचा जादा डबा उतरवून अंगणात ठेवला.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. अहो, मी उभी आहे कुठे? तोंड डोंगराकडे, शेपूट दरीकडे. टाकीतलं होतं नव्हतं ते सगळं मागे, काठी बुडवता त्या बाजूला गोळा झालंय! एरवी ते काठी बाजारातल्या सपाट जागेवर बुडवायचे. त्या दिवशी घाईत विसरले.

घाट आम्ही सवयीप्रमाणे मुक्यानं उतरलो. पायथ्याशी त्यांनी इंजिन चालू केलं. मी दोनदा खोकले आणि गप्प झाले, ती नेमकी बयाबाईच्या दारात. महाड अजून तेरा मैल. ठकूबाईचं कण्हणंही बारीक झालं होतं. सयाजीरावांनी सपाटीवर काठी बुडवली. कोरडी.

बयाबाई बाहेर आली. गाडीत डोकावली. मोळीचं, हात केल्याचं एक अक्षर नाही. "ह्या गाडीला काय पाजतोस रे?"

"डिझेल. नाय तर घासलेटावर पण चालंल, आत्ये."

म्हातारी आत गेली. कंदील आणि बाटली घेऊन आली आणि दोन्ही माझ्या टाकीत रिकामे केले. मग घरोघर हाका मारत सुटली. बाटल्या आल्या, दिव्याच्या चिमण्या आल्या. यंत्राला वंगण हवं म्हणून वाटीभर करंजाचं तेलही आलं. सयाजीराव पान्यानं नट सैल करून डिझेलच्या नळीत शिरलेली हवा काढत होते. "आज वाडीत अंधार व्हईल गो आत्ये," ते म्हणाले.

"अंधारात आमाला घर सापडतंय. तू हाक गाडी."

धूर ओकत, ठेचकाळत मी महाड गाठलं. संध्याकाळी पोरगी झाली. ठकूबाई वाचली. मी दवाखान्याबाहेर उभी होते. रडण्याचा आवाज आला तेव्हा मला बयाबाईची विझलेली वाडी आठवली आणि फार भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सयाजीराव घासलेटाचा डबा घेऊन त्या दारात थांबले. बयाबाईनं वाडीच्या बाटल्या भरून घेतल्या, स्वतःची मात्र पुढे केली नाही. मोळी उचलून सरळ माझ्यात येऊन बसली.

आता माझे दिवस भरत आलेत. गॅलनाला सोळा मैलही जात नाही. माझ्यामागून जी गाडी येईल तिच्या धन्याला एवढंच सांगते, काठी सपाट जागेवर बुडवा, आणि पायथ्याच्या वाडीत थांबत जा. आम्ही रोज थांबतो. सयाजीराव इंजिन बंद करून मोळी उचलायला उतरतात, आणि म्हातारी त्यांच्यावर खेकसते, "बंद कशाला केलंस रे? परत चालू करायला डिझेल जातं ना?"

ते मोळी नीट ठेवतात आणि तिला हात धरून वर घेतात.