रामलिंगच्या दोन गोळ्या

हुपरीत रामलिंगसारखे पैंजण घडवणारा दुसरा सापडला नसता, पण खुद्द रामलिंगला ते पटत नसे. कामाला बसला की त्याच्या कानात दोन बायका बोलायला लागायच्या. "जोड कच्चा हाय. टाक फेकून." आसपास तर कुणीच नसायचं. त्यांची तोंडं बंद करायला तो प्यायचा. प्याला की त्या तासभर गप्प, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जोरात.

त्याची बायको शिवलीला त्याला घेऊन सगळीकडं हिंडली. व्यसन सोडवणारे म्हणाले, आधी डोक्याचं बघा. डोक्याचे डॉक्टर म्हणाले, आधी दारू सुटू दे.

"मग नवऱ्याचा आधी कुठला अर्धा घिऊन यिऊ?" तिनं तिथंच विचारलं.

नव्व्याण्णव साली कोल्हापुरात एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "दोन्ही आजार एकाच माणसाला आहेत ना? मग औषधही दोन्हींवर एकदमच." एक गोळी आवाजांसाठी, दुसरी पिण्याची ओढ कमी व्हायला. शिवलीला गोळ्या आमटीत कालवणार होती. बाईंनी साफ नको म्हटलं. त्याला सांगून, त्याच्या हातात द्यायच्या.

दोन महिन्यांत आवाज बारीक झाले आणि रामलिंग जाड.

"शिवे, दारूनं वाळलो, औषधानं फुगलो. तुला नक्की कसला नवरा पायजे?"

"गुमान जेवणारा," ती म्हणाली.

बरं वाटायला लागलं तसं त्यानं गोळ्या परस्पर बंद केल्या. मेव्हण्याच्या लग्नात ग्लासही उचलला. आठवड्यात त्या दोघी कानात हजर! पण या खेपेला तो गुत्त्याकडं गेला नाही. चुलीपाशी येऊन उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं.

"आल्यात बघ परत. चल, कोल्हापूरला जाऊ."

बाईंनी विचारलं, "किती प्यालात?"

"दोन गलास."

"चार," शिवलीला म्हणाली.

बाईंनी कागदावर तीन लिहिलं. आता बोलणी बसणार म्हणून शिवलीला पदर सावरून बसली होती, पण बाई म्हणाल्या, "घसरलात खरे. पण स्वतःहून आलात, हे मोठं काम केलंत." त्यांनी गोळ्या परत सुरू केल्या, आणि बरं वाटलं तरी विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत, असं त्याच्याकडून वदवून घेतलं.

परतीच्या एस.टी.त शिवलीलाचा डोळा लागला. जाग आली ती कंडक्टरच्या आवाजानं.

"पावणं, रेंदाळ आलं. उतरा की!"

"आँ? हुपरी गेली?"

"कवाच," रामलिंग म्हणाला. तो टक्क जागा होता.

"मग मला उठवलं न्हाईसा व्हय?"

"गोळ्या मी खातोय आन् झोपलीस तू. म्हटलं, झोपू दे. दोन वर्सं मला राखत जागलीस."

ती त्याच्यावरच करवादली. परतीची गाडी तासाभरानं होती. ती बडबडत पायीच निघाली, आणि तो पिशवी घेऊन मागोमाग.