निर्धूमानंदांचा पवित्र खड्डा

"धूर नाही! अहो, बघा, धूरच नाही!"

वांगणीजवळच्या आमच्या माळावर सगळी वाडी हात जोडून उभी होती. खड्ड्यात लाकडं धडधडत होती, पण धुराचा मागमूस नव्हता. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून आलेले निर्धूमानंद महाराज म्हणाले, "ये पवित्र अग्नि है, बच्चा! जिथे पाप, तिथे धूर!"

अंबरनाथच्या आम्ही काही कुटुंबांनी ही जमीन मिळून घेतली होती. वाडीतली नवसीही आमच्यातच राहायची, बरोबरीची वाटेकरी म्हणून. ती खड्ड्यात लाकडं जाळून कोळसा करायची. तो शेणपाण्यात मुरवून शेतात घातला की माती ओल धरून ठेवते. पण नवसीच्या खड्ड्यातून भरपूर धूर निघायचा.

महाराजांनी लगेच निदान केलं. "इस औरत के हाथ में दोष है. हिला काढा, हिच्या झोपडीच्या जागी धुनी मांडा. नाहीतर पीक गेलं समजा!"

आमच्या वाटेकऱ्यांतला प्रमोद आनंदनगरच्या कारखान्यात सुपरवायझर, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. तोही हळूच म्हणाला, "सरस्वती, उगाच रिस्क कशाला? हिला काढायचं आजच ठरवून टाकू."

अंधश्रद्धेला रिस्क म्हटलं की ती शिकलेली वाटते. मला संताप आला.

नवसी खड्ड्याकडे बघत म्हणाली, "लाकडां तीच, खड्डा तोच. मंग माझ्याच हातान काय झाला?"

प्रश्न बिनतोड होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. खड्डा पेटवताना महाराजांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले होते. मी मिटले नव्हते. महाराजांनी काडी लाकडांच्या अगदी वर लावली होती. नवसी मात्र चुलीसारखी खालून पेटवायची.

"महाराज, आता खालून पेटवून दाखवा," मी म्हटलं.

"अग्नि का अपमान!"

"बरं. मग खालून प्रमोद पेटवेल, वरून नवसी."

शेजारी लाकडं रचलेले आणखी दोन खड्डे होतेच. थोड्याच वेळात नवसीचा जाळ स्वच्छ फडफडू लागला. प्रमोदच्या खड्ड्यातून असा लोट उठला की तो खोकत खोकत बांधापर्यंत गेला.

"अरे, सुपरवायझरच्या हाताला दोष!" वाडीतला सखा ओरडला आणि सगळा माळ हसला.

मग मी समजावलं. तापलेल्या लाकडातून धूर निघतोच. वर जाळ असला की तो त्यातून जाताना जळून जातो. खालून पेटवलं की वर त्याला जाळणारं काही नसतं, म्हणून तो सरळ आपल्या डोळ्यांत येतो. यात पाप-पुण्याचा काही संबंध नाही.

तोवर महाराजांची व्हॅन चालू झाली होती. प्रमोद डोळे पुसत नवसीपुढे उभा राहिला. "चुकलो मी. तू जाऊ नको."

"मी कुठं चाललंय? चालला तो!" नवसी म्हणाली आणि पाण्याची बादली त्याच्या हातात दिली. "निखारं इझव आधी, नायतर कोळशाची राख व्हईल."

म्हणून सांगते, कुणी डोळे मिटा म्हटलं की उघडे ठेवा आणि काडी कुठे लागते ते बघा. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनीच डोळे मिटले असते, तर नवसीचं घर गेलं असतं.